राजीनाम्याआधीची वही

अकोला-पूर्णा मार्गावर वाशीमच्या अलीकडे जऊळका स्टेशन लागतं. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी जायची, २००८ पासून ब्रॉडगेज आली. मालेगाव तालुक्यातल्या या गावात दिवाळीचे दिवस म्हणजे सोयाबीन घरात येण्याचे आणि मुलं घरी येण्याचे दिवस. पुण्याकडच्या कंपन्यांत, संभाजीनगरच्या वाळूजमध्ये, मुंबईच्या एखाद्या गोदामात कामाला असलेली पोरं पाठीवर पिशवी टाकून उतरतात. घरात पाय टाकला की माय विचारते, ‘‘कसं हाय बाबू नोकरीचं?’’ उत्तर ठरलेलं असतं, ‘‘बरं हाय मा.’’

बऱ्याचदा ते बरं नसतं. रात्रपाळीनं झोप गेलेली असते, सुपरवायझरची शिवी कानात असते, तीन वर्षांत पगार जेमतेम हललेला असतो. ‘सोडून द्यावी’ हा विचार गाडीत बसल्यापासून सोबत असतो, पण घरात तो तोंडातून निघत नाही. कारण पगारातून दरमहा येणारे चार-पाच हजार या घराला किती लागतात, हे मुलाला अंदाजानं ठाऊक असतं. ते पाठवून त्याच्याजवळ काय उरतं, याचा मायला पत्ताही नसतो.

शेताचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो, पगाराचा दरमहा. सोयाबीनला २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. पण गेल्या काही हंगामांत बाजारात त्याहून कमी भावानं माल घालावा लागल्याचं कुठलाही शेतकरी सांगेल. म्हणून किराणा, दवाखाना, धाकटीची फी या महिन्याच्या गरजा मुलाच्या पगारावर येऊन पडतात. कोरडवाहू घरात नोकरी म्हणजे बारमाही विहीर. ती सोडण्याचा प्रश्न हिमतीचा आहे असं शहरातली प्रेरणादायी भाषणं सांगतात. जऊळक्यात तो आधी हिशेबाचा आहे, आणि तसं मानण्यात काहीही कमीपणा नाही.

हिशेब मांडूनच पाहावा. समजा, चाकणला राहणाऱ्या मुलाच्या हातात महिन्याला १८,००० रुपये पडतात. खोली आणि मेस ७,५००, जाणं-येणं आणि मोबाईल १,५००, घरी ५,०००, गाडीचा हप्ता २,८००. शिल्लक १,२००. नोकरी सोडून तो गावी आला तर खोली-मेस सुटते, पण घरचे ५,०००, हप्ता २,८०० आणि किरकोळ हजारभर रुपये, असे ८,८०० दरमहा लागतच राहतात. नवं काम मिळायला सहा महिने धरले तर ५२,८०० रुपये गाठीला हवेत. १,२०० च्या शिलकीनं ते जमायला ४४ महिने लागतील. इतकी वर्षं कुढत काढायची, की एका रागाच्या दुपारी सगळं सोडायचं, असे दोनच रस्ते मग दिसू लागतात.

आता याच वहीत एक ओळ बदलून पाहा. गाडीचं कर्ज आधी फिटलं, तर शिल्लक १,२०० वरून ४,००० होते आणि महिन्याची गरज ६,००० वर येते. सहा महिन्यांचे ३६,००० जमायला नऊ महिने पुरतात. पगार तोच, साहेबही तोच, पण ४४ महिन्यांचे नऊ झाले. माणसाला नोकरीला बांधून ठेवणारी दोरी पुष्कळदा कंपनीच्या फाटकात नसते, हप्त्याच्या कागदात असते. म्हणून नाखूश माणसानं बोनसच्या पैशातून नवा मोबाईल हप्त्यावर उचलू नये, हे इथं स्पष्टच सांगायला हवं. त्या पैशानं जुनं कर्ज कमी करावं.

कायद्यातल्या काही तारखाही वहीत हव्यात. १९७२ च्या कायद्यानं घालून दिलेला ग्रॅच्युइटीचा नियम असा, की सलग पाच वर्षं सेवा झाली तर प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन मिळतं, तेही महिना २६ दिवसांचा धरून. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे ३४,६०० रुपये होतात. म्हणजे वर मांडलेली सहा महिन्यांची सोय जवळजवळ पूर्ण झाली. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं एका वर्षाच्या सेवेवर हा हक्क दिला आहे. भविष्य निर्वाह निधी पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरू शकतो. नवी नोकरी मिळताच खातं तिकडे वळवणं शहाणपणाचं. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जातो, पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. घरी त्याची कागदपत्रं तयार आहेत का, हे सुट्टीतच पाहून घ्यावं.

नोकरी सोडणाऱ्या मराठी माणसांत दादासाहेब फाळके यांचं नाव मोठं. पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडली. पुढे छापखाना काढला, तिथं भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. १९१२ साली लंडनला जायला त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण मोठ्या चित्रपटाला पैसा उभा करण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा छोटासा चित्रपट करून दाखवला होता. आधी रोप, मग ‘राजा हरिश्चंद्र’. आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला, त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडण्याचं कामही केलं. घरात काय आहे, काय गहाण गेलं, हे त्यांच्यापासून लपलेलं नव्हतं. पुढे १९१८ मध्ये उभी राहिलेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही फाळक्यांनी मतभेदांमुळे काही काळ सोडली. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं, ते अखेरची वर्षं ओढगस्तीत काढून. त्यांचा धाडसीपणा सांगताना ही ओढगस्त गाळणं म्हणजे तरुणांना अर्धाच जमाखर्च दाखवणं आहे.

मात्र काही नोकऱ्यांना नऊ महिन्यांचीही मुदत देता येत नाही. जिथं यंत्राला गार्ड नाही आणि बोटं जाण्याची भीती रोजची आहे, जिथं पगारच दोन-दोन महिने अडकतो, तिथून आधी निघावं. हिशेब गावी बसून करता येईल. बाईला कामाच्या जागी लैंगिक छळ सोसावा लागत असेल तर २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती सक्तीची केली आहे. तिथं नोकरी तिनंच का सोडावी, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आणि नोकरीच्या विचारानं जगणंच नकोसं वाटू लागलं असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. विदर्भानं कर्जापायी आणि मौनापायी फार माणसं गमावली आहेत.

लक्ष्मीपूजनाला दुकानदार नवी वही मांडतात, तिच्यावर हळदकुंकू वाहतात. पगारावर आणि शेतीवर चालणाऱ्या घरात मात्र अशी वही क्वचितच असते. खर्च मायच्या डोक्यात, पीककर्ज बाबांच्या खिशातल्या पासबुकात, हप्ता मुलाच्या मोबाईलमध्ये. बचत गटात जाणाऱ्या बायका महिन्याला शंभर-दोनशेचा हिशेब सर्वांसमक्ष वाचून सही करतात. तीच रीत स्वतःच्या ओसरीवर चालवायला त्यांना कुणी बोलावत नाही, आणि ही या घरांची खरी चूक आहे.

तेव्हा या दिवाळीत परतीची गाडी पकडण्याआधी एक संध्याकाळ काढा. शंभर पानी वही आणा, माय-बाबांना आणि घरात असेल तर वहिनीलाही जवळ बसवा. पगार, हप्ता, शिल्लक हे तिन्ही आकडे खरे सांगा, आणि ‘बरं हाय’ च्या जागी जे आहे ते सांगा.