सकुटुंब उपासना

देव सर्वत्र आहे असें म्हणणारीं माणसेंच त्याला भेटण्यासाठीं दम टाकीत घाट चढतात, हें नवल नव्हे काय? नंदुरबार जिल्ह्यांत राहणाऱ्याला तर हें नवल वर्षानुवर्षें डोळ्यांपुढें दिसतें. दिवाळीच्या सुमारास आदिवासी यात्रेकरू अस्तंब्याचें शिखर चढतात; कपाळावरील जखमेसाठीं तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा तेथें वास करतो अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला तोरणमाळ येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर, गोरखनाथाची यात्रा भरते. याच मुलखांत, विशेषतः नवापूरच्या बाजूला, ख्रिस्ती मंडळ्याही पुष्कळ आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्कँडिनेव्हियन मिशनच्या लोकांनीं येथें काम केलें. डोंगराची ओढ या ख्रिस्ती मंडळींनाही आहे. चर्चमधील कांहीं कुटुंबांनीं दोन-तीन दिवस घराला कुलूप लावावें, थंड हवेच्या ठिकाणीं एकत्र राहावें आणि प्रार्थना, गायन व शास्त्रवाचन यांत वेळ घालवावा, या प्रथेला कोणी रिट्रीट म्हणतात, कोणी कुटुंब-शिबिर.

या प्रथेंत एक विरोध आहे, आणि आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो तो तोच. एकांतासाठीं डोंगरावर जावयाचें, आणि ज्यांच्या गलबल्यांतून सुटावयाचें तींच माणसें शिदोरीसह बरोबर न्यावयाचीं, हा एकांत तरी कसला? टीकाकार म्हणतात कीं ही सहलच आहे, तिला केवळ प्रार्थनेचें अस्तर लावलें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. उलट, कुटुंबासह केलेली उपासना ही एकट्याच्या उपासनेहून अधिक कठीण होय, असें आमचें मत आहे.

एकट्यानें डोंगरावर बसणें कसें सोपें होतें याचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर नामचिंतनांत गढून जात आणि जिजाबाई त्यांच्यासाठीं भाकरी घेऊन तो डोंगर चढत, असें परंपरा सांगते. आपण वर बसलेल्याला संत म्हणून वंदन करतों आणि चढणारीला कजाग ठरवून हसतों. पण डोंगर एकच होता, आणि उन्हांत तो चढून येणारीच्या हातीं टाळ नव्हते, भाकरी होती. मग त्या दिवशींची उपासना कोणाची? दोघांचीही, असें उत्तर आपण चटकन देतों. परंतु हें उत्तर ज्याला आयती भाकरी मिळते त्याच्याच सोयीचें आहे, हें आपण विसरूं नये.

ख्रिस्ती धर्मग्रंथालाही हा प्रश्न अपरिचित नाहीं. लूककृत शुभवर्तमानांत मार्था पाहुण्यांच्या सरबराईंत गुंतलेली आहे आणि तिची बहीण मरीया येशूच्या पायांशीं बसून ऐकत आहे. मार्था तक्रार करते. येशू मरीयेची बाजू घेतो. या प्रसंगावर आजवर अगणित प्रवचनें झालीं असतील, आणि तीं करणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं प्रवचन संपतांच स्वयंपाकघराकडे दृष्टि वळविली असेल, यांत आम्हांस शंका नाहीं. मार्थेला उपदेश करून प्रश्न सुटत नाहीं. तिच्या हातची पळी दुसऱ्या कोणीं घेतली तरच तिला मरीयेशेजारीं बसतां येईल. ज्या शिबिरांत पुरुष वर्ग पहाटेपासून स्तोत्रें गातो आणि स्त्रिया चुलीपुढें बसतात, तेथें कुटुंब वर आलें खरें, परंतु उपासना अर्ध्याच कुटुंबानें केली.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. कुटुंबप्रमुखाला वाटतें कीं आपली श्रद्धा ती घराची श्रद्धा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तन यांची गोडी लावणारा हा थोर कवि. पण स्वतःच्या पत्नीला मात्र तो आपली श्रद्धा देऊं शकला नाहीं. लक्ष्मीबाई कांहीं काळ दूर राहिल्या, मग पतीजवळ आल्या, तरी आपल्या आचारविचारांना धरून होत्या. जातिभेदाची गांठ त्यांनीं स्वतःच्या विचारानें सोडविली, आणि १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्याला हें माहीत आहे. एका छपराखालीं राहणाऱ्यांनाही देवाकडे जाण्याचीं दारें निरनिराळीं असतात. मुलाला हाताला धरून डोंगरावर नेतां येतें. त्याचे डोळे मिटवितां येतात. त्यापुढें बापाचा अधिकार चालत नाहीं.

मग सकुटुंब जाण्यांत लाभ कोणता? लाभ हाच कीं तेथें सोंग चालत नाहीं. गांवच्या चर्चमध्यें शेजारीं बसलेला मनुष्य आपला गंभीर चेहरा तेवढा पाहतो. डोंगरावर शेजारीं जी बसली आहे, तिला आपण सकाळीं कोणत्या स्वरांत बोललों हें ठाऊक असतें. समोरच्या मुलाला आपलें कोणतें वचन मोडलें हें आठवत असतें. वेदीपाशीं अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनांत कांहीं सल आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे. एकट्याला ही आठवण टाळतां येते. कुटुंबांत ती समोरच बसलेली असते.

राहिला खालीं उतरण्याचा प्रश्न. उंच डोंगरावर येशूचें तेजस्वी रूप पाहून पेत्राला तेथेंच तीन मंडप बांधावेसे वाटले. पण दुसऱ्या दिवशीं खालीं उतरतांच एका बापाचें आजारी मूल त्यांच्या वाटेंत उभें होतें. नंदुरबारच्या डोंगराळ भागांतील कित्येक आदिवासी कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. तींही घर बंद करून, मुलें कडेवर घेऊन, सकुटुंबच निघतात. मात्र त्यांच्या मुलांची शाळा मागें राहते, आणि दोन-तीन दिवसांनीं तीं परत येत नाहींत. एकाच घाटांत वर जाणारें कुटुंब आणि खालीं जाणारें कुटुंब समोरासमोर आलें, तर पहिल्यानें दुसऱ्याला केवळ वाट देऊन पुढें जावें काय? याचें उत्तर डोंगरावरील गायनांत मिळणार नाहीं.

म्हणून शिबिर कसें झालें हें आम्ही समारोपाच्या दिवशीं विचारणार नाहीं. घरीं परतल्यावर कुलूप उघडलें जातें, थकलेलीं मुलें भुकेनें किरकिरूं लागतात, आणि कोणीतरी उठून चूल पेटवावीच लागते. त्या वेळीं नेहमीचीच व्यक्ति उठली कीं दुसरें कोणी, एवढेंच आम्ही विचारूं.