दर दोन तासांनी

अरुणा शानबाग हे नाव निघालं की बोलणं इच्छामरणाकडे वळतं. पत्रकार पिंकी विराणींनी अरुणाबाईंसाठी केलेली याचिका, ७ मार्च २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, जगण्याचा हक्क की मरण्याचा हक्क, हा वाद आठवतो. त्या सुनावणीत परळच्या केईएम रुग्णालयाने न्यायालयाला एक गोष्ट सांगितली होती. १९७३च्या नोव्हेंबरपासून अंथरुणाला खिळलेल्या अरुणाबाईंना इतक्या वर्षांत एकही बेडसोअर झालेला नाही. आपण हे ऐकतो, केईएमच्या सिस्टरांच्या मायेला हात जोडतो आणि मूळ वादाकडे परततो. माया होतीच. अरुणाबाई त्यांच्यातल्याच एक होत्या; ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलताना त्यांच्यावर हल्ला झाला होता. पण मायेने बेडसोअर टळत नाही. तो टळतो तो शिकलेल्या, सरावलेल्या हातांनी आणि पुरेशा हातांनी.

ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या लगत असतं तिथला रक्तपुरवठा दबतो. लाली दिसली की सिस्टर तिथे बोट दाबून पाहते. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लालीच राहिली तर आत इजा सुरू झालेली आहे. चादरीला सुरकुती नको, खाली ओल नको. रुग्णाला ओढायचं नाही, ड्रॉशीटने उचलून सरकवायचं, कारण घासलं की कातडी सोलवटते. पोटात प्रथिनं किती जातात याकडेही लक्ष हवं, नाहीतर कितीही वळवलं तरी कातडी तग धरत नाही. हे सगळं दिवसातून बारा वेळा. अरुणाबाईंचं निधन १८ मे २०१५ला झालं, म्हणजे हे काम ४१ वर्षांहून अधिक काळ चाललं. पहिल्या काळातल्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या. त्यांनी ओव्हर पुढच्यांना दिला, पुढच्यांनी त्यापुढच्यांना.

हे ओव्हर देणं-घेणं मला फार मोलाचं वाटतं. पाळी बदलताना खाटेपाशी उभं राहून एक परिचारिका दुसरीला सांगते: या आजोबांची लघवी दुपारपासून कमी झालीय, त्या बाईंचा बीपी ठीक आहे पण मघापासून त्या जरा जास्तच शांत आहेत, नजर ठेव. ‘जास्तच शांत’ला केसपेपरवर रकाना नसतो. पण जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की सुरुवातीला बरेचदा एवढंच दिसतं. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा रुग्णाला दिवसातली काही मिनिटं मिळतात. उरलेल्या तासांत बिघाड प्रथम कुणाच्या लक्षात येणार असेल तर तो सिस्टरच्या किंवा ब्रदरच्याच. इंजेक्शन आणि सलाईन हे त्यांच्या कामाचं दिसणारं टोक आहे. पाहणं, ताडणं आणि वेळेत हाक देणं हे खरं काम.

म्हणूनच एका नजरेच्या वाट्याला किती खाटा, हा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. कॅलिफोर्नियाने हे प्रमाण कायद्यानेच ठरवून २००४पासून लागू केलं. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत: शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयांत पाचांमागे एक. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्रपाळीला जाऊन पाहावं. एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण, शिवाय जमिनीवरच्या गाद्या वेगळ्याच. मदतीला एखादी मावशी, तीही दुसऱ्या वॉर्डात बोलावलेली. अशा रात्री दर दोन तासांनी कुणाला वळवणार? सिस्टर मग मनाशी निवड करते, कोणाकडे आधी जायचं आणि कोणाला थांबवायचं. ही निवड तिच्यावर लादणारे मात्र घरी झोपलेले असतात.

पदं भरायची तर कायमची भरा, कंत्राटदारामार्फत नकोत, या मागणीसाठी मे २०२२मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या. तेव्हा रुग्णांच्या हालांच्या बातम्या आल्या, त्या खऱ्या होत्या. पण कंत्राट संपलं की जाणाऱ्या माणसांकडून ४१ वर्षांचा ओव्हर कसा चालेल, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाबाईंना केईएममधून हलवायचा घाट घातला, तेव्हा सिस्टरांनी विरोध करून तो हाणून पाडला. नोकरी कायम असली की असा विरोध करता येतो.

जबाबदारी मात्र परिचारिकेपर्यंत फार लवकर पोहोचते. ६ नोव्हेंबर २०२१ला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. काही दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्या वेळी कोण कुठे होतं याची चौकशी व्हायलाच हवी. परंतु इमारतीची वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा, त्यासाठीचा निधी, यांतलं काहीही स्टाफ नर्सच्या हातात नसतं. ज्यांच्या हातात असतं त्यांच्यापर्यंत पोहोचायला आपल्या व्यवस्थेला खूप वेळ लागतो.

खासगी रुग्णालयांत प्रश्न पगारापासून सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५०पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २० हजारांच्या खाली जाऊ नये, असं तिने सुचवलं. केरळात २०१८मध्ये २० हजारांचं किमान मूळ वेतन ठरलं, तेही तिथल्या परिचारिकांच्या मोठ्या आंदोलनानंतर. आपल्याकडे रोजचे नर्सिंग चार्जेस बिलात ठळक दिसतात; त्यातले सिस्टरच्या हाती किती पडतात, ते रुग्णाला कधी कळत नाही.

२०११च्या त्या निकालाकडे म्हणूनच पुन्हा पाहायला हवं. न्यायालयाने विराणींची याचिका फेटाळताना स्पष्ट केलं की अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची अहोरात्र काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. जो खाटेपाशी उभा राहतो त्याचं मत निर्णयात धरलं पाहिजे, हे त्यात मान्य झालं. एका खाटेबाबत जे मान्य झालं ते बाकी खाटांबाबत का नसावं? रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीत अधिसेविकेला मत असावं, आणि वॉर्डात माणसं पुरेशी नाहीत म्हणून नवा रुग्ण घेता येणार नाही, असं लेखी कळवण्याचा हक्क इनचार्ज सिस्टरला असावा.

आणि आपण, रुग्णाचे नातेवाईक? दाखल करताना डॉक्टरांच्या पदव्या, खोलीचं भाडं, कॅशलेस आहे की नाही, हे सगळं विचारतो. रात्री या मजल्यावर किती सिस्टर असतात आणि त्यांच्याकडे किती रुग्ण असतात, हेही दाखल होतानाच विचारावं. १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३मध्ये परिचर्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला आहे; हा आकडा तिन्ही पाळ्यांसाठी वॉर्डाच्या दारावर रोज लावणं त्याखाली प्रत्येक रुग्णालयाला सक्तीचं करावं.