कल्चर रिपोर्ट आल्यानंतर

रुग्णालयात प्रतिजैविकाबद्दल दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला रुग्ण दाखल होताच, बहुधा अंदाजाने. रक्तदाब घसरलेला, शुद्ध हरपत चाललेला रुग्ण समोर असताना जीवाणूचे नाव कळेपर्यंत थांबता येत नाही. सेप्टिक शॉकमध्ये तासाभरात औषध शिरेतून जावे लागते. अशा वेळी अनेक प्रकारच्या जीवाणूंवर चालणारे औषध निवडणे योग्यच. दुसरा निर्णय ४८ ते ७२ तासांनी, नमुन्यात कोणता जीवाणू वाढला हे सांगणारा कल्चर रिपोर्ट हाती आल्यावर घ्यायचा. औषध थांबवायचे, त्या जीवाणूपुरतेच द्यायचे, की इंजेक्शनवरून गोळीवर आणायचे? जबाबदार वापराची कसोटी इथे लागते आणि नेमका हाच निर्णय राहून जातो.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. तिथल्या ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू होती. यांपैकी ५५ टक्के रुग्णांना ती संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली होती. जीवाणूची ओळख पटल्यावर औषध मिळालेले जेमतेम ६ टक्के. म्हणजे उपचार अंदाजाने सुरू होतात आणि अंदाजानेच पूर्ण होतात.

याला केवळ डॉक्टरांची बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. शस्त्रक्रियेआधी तासाभरात दिलेला एक डोस बहुतेक वेळा पुरेसा असतो, तरी टाके काढेपर्यंत इंजेक्शने चालू राहतात. त्यामागे भीती असते. ऑपरेशन थिएटरच्या आणि वॉर्डच्या स्वच्छतेची खात्री नसली की तिची जागा औषधाने भरून काढली जाते. रक्ताचा नमुना औषधाच्या पहिल्या डोसनंतर घेतला, तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काहीच वाढत नाही. मग रिपोर्टवरचा विश्वासही उडतो. लहान रुग्णालयांत नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्याचा खर्च नातेवाइकांवर पडतो, रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो. शिवाय वरिष्ठांनी लिहिलेले औषध रात्रपाळीचा निवासी डॉक्टर कसे थांबवणार?

म्हणून हे काम एकट्यावर सोडता येत नाही. संसर्गतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, फार्मासिस्ट आणि संसर्ग नियंत्रण परिचारिका यांच्या पथकाने चालू औषधांचा नियमित आढावा घ्यावा आणि संबंधित डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. त्यांतला शेवटचा, इतर उपाय थकल्यावरच वापरायचा गट परवानगीशिवाय हाताळला जाऊ नये. कोलिस्टिन त्याच गटातले. मूत्रपिंडांना इजा करणारे हे जुने औषध कार्बापेनेम गटातली प्रबळ प्रतिजैविके चालेनाशी झाल्यावर पुन्हा वापरावे लागले, ही वेळ किती गंभीर आहे हे त्यावरून कळावे. रुग्णालयाने स्वतःच्या रिपोर्टांवरून आपल्याकडे कोणता जीवाणू कोणत्या औषधाला दाद देतो याचा तक्ता दरवर्षी केला, तर पहिला अंदाजही अधिक अचूक ठरतो.

औषध लवकर थांबवले तर रुग्ण दगावेल, ही धास्ती मात्र पुराव्यावर टिकत नाही. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात २२१ अभ्यास तपासले गेले. अशा उपक्रमांमुळे औषधोपचाराचा काळ सरासरी ११ दिवसांवरून सुमारे दोन दिवसांनी घटला, मृत्यू वाढले नाहीत.

आपल्याकडे यात सर्वांत मोठी अडचण प्रयोगशाळेची आहे. खाटा, व्हेंटिलेटर, थिएटर यांसाठी पैसा उभा राहतो. सूक्ष्मजीव प्रयोगशाळा मात्र मागे राहते. रात्री आणि रविवारीही नमुना स्वीकारणारी, तातडीचा रिपोर्ट डॉक्टरांना फोनवर कळवणारी प्रयोगशाळा जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचली, तरच दुसरा निर्णय वेळेत घेता येईल.