राखण आणि पाळत

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांत संगणक विभागप्रमुख हे पद गेल्या काही वर्षांत पार बदलून गेले आहे. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारने निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देऊन संगणक-साक्षरतेचा प्रयोग सुरू केला, तेव्हा या शिक्षकाकडे प्रयोगशाळेच्या कुलुपाची किल्ली असे. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर आले, प्रत्येक मुलाला शाळेचे खाते मिळाले आणि किल्लीच्या जागी पासवर्ड आला. कुलपाच्या किल्लीने खोली उघडत असे. पासवर्डने मूल उघडते. तेरा वर्षांच्या मुलीने काय शोधले, मैत्रिणीला काय लिहिले, रात्री किती वाजता लिहिले, हे सारे आता एका माणसाला बसल्या जागी पाहता येते. प्रश्न असा की, पाहता येते म्हणून ते पाहावे काय?

पाहावे, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला राखणदार म्हटले आहे आणि त्याच्या हवाली केलेल्यांविषयी त्याला जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. इंटरनेटवर मुलांना जाळ्यात ओढणारे आहेत, पैसे उकळणारे आहेत, अश्लीलता तर एका बोटाच्या अंतरावर आहे. अशा वेळी डोळे मिटून बसणारा शिक्षक राखणदार कसा ठरेल? त्यात पालक भरभक्कम फी भरतात आणि हमी मागतात. उपनगरांतल्या शाळांच्या स्पर्धेत ‘संपूर्ण देखरेख’ हे माहितीपत्रकावर छापण्याजोगे आकर्षण झाले आहे. (ज्या शाळेत ग्रंथपाल नाही तिथेही हे वाक्य छापलेले असते, ही गोष्ट वेगळी.)

परंतु याच दीनने आपल्याला सूरह अल-हुजुरातही दिली आहे. तिच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई एकापाठोपाठ येते: संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा. हा क्रम लक्षपूर्वक पाहावा. संशय आला की माणूस डोकावतो. डोकावल्यावर जे दिसते ते पोटात राहत नाही. शाळेत नेमके हेच घडते. एखाद्या मुलीविषयी कुजबुज होते, तिचे खाते उघडले जाते आणि मधल्या सुट्टीपर्यंत तिचे लिखाण शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरू लागते.

हजरत उमर (र.) यांच्याविषयीची एक रिवायत प्रसिद्ध आहे. मदिनेत रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला त्यांनी गुन्हा करताना पाहिले. तो म्हणाला की, माझ्या हातून एक आज्ञा मोडली, आपल्या हातून तीन: आपण हेरगिरी केली, दारातून आला नाहीत आणि सलाम करून परवानगी घेतली नाहीत. खलीफांनी त्याला सोडून दिले. गुन्हा खरा होता, पाहणारा न्यायी होता, हेतू शुद्ध होता. तरीही पाहण्याची वाट चुकली होती.

यावर कुणी म्हणेल की, तो प्रौढ होता, इथे मूल आहे आणि मुलावर पालकत्वाचा अधिकार असतो. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच राखण आणि पाळत यांतला भेद नीट करायला हवा. कुंपण घालणे ही राखण आहे: घातक संकेतस्थळे बंद करावीत, अनोळखी माणसाला मुलांपर्यंत पोहोचू देऊ नये. मुलांना सांगून, सर्वांसाठी सारखे ठेवलेले कुंपण कुणाचा अपमान करत नाही. दाराला कान लावणे मात्र पाळत होय आणि ती लपूनच केली जाते. मुलाला सांगून करता येईल काय, ही बहुतेक वेळा पुरेशी कसोटी ठरते.

देशाच्या कायद्यानेही हा विषय हाताळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आणि मुलांच्या मागावर राहण्यास मनाई आहे; शिक्षण आणि सुरक्षा या कारणांसाठी शाळांना नियमांत सूट मिळते. ती सूट किती ओढायची, हे शेवटी त्या एका माणसाच्या ईशभयावर येऊन ठेपते.

पाळतीचा खरा तोटा शिक्षणाचाच आहे. लोकांचे दोष हुडकत बसलात तर त्यांना बिघडवाल, असा इशारा हदीसमध्ये आहे. पाळतीखालचे मूल सुधारत नाही, ते दुसरा फोन मिळवते. शाळेच्या खात्यावर एक चेहरा आणि मित्राच्या खात्यावर दुसरा. आपणच त्याला दुटप्पीपणाचा सराव देत असतो. अल्लाह आपल्याला पाहत आहे, ही जाणीव एकान्तातही माणसासोबत राहते. कॅमेऱ्याचे भय शाळेच्या फाटकापाशी संपते. पहिलीच्या जागी दुसरे बसवणाऱ्याने आपण कोणाची जागा घेऊ पाहत आहोत, याचा विचार करावा.

मग विभागप्रमुखाने करावे काय? पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या पाठ्यपुस्तकांनी संगणकाच्या तासाला विचार करायला शिकवण्याची वाट दाखवली. त्याच तासाला आठवीच्या मुलांपुढे त्यांचीच नोंद ठेवावी: शाळेच्या यंत्रात तुमच्याविषयी हे साठते, इतके दिवस राहते, अमुक दोघांना दिसते. सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की, कियामतच्या दिवशी माणसाची कर्मनोंद त्याच्याच पुढे उघडली जाईल आणि त्यालाच ती वाचायला सांगितले जाईल. तिथे आरोपीपासून नोंद लपवलेली नाही. आपल्या शाळांत मात्र ती मुलाखेरीज सर्वांना दिसते.

धोक्याचे ठोस कारण असेल, तर खाते उघडावे लागेलच. तेव्हा कारण आधी लिहावे, एकट्याने उघडू नये, पालकांना कळवावे आणि दिसलेले तिथेच पुरावे. देण्याघेण्याचा साधा व्यवहारही साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनात आहे. मुलाची अब्रू कर्जाच्या रकमेहून हलकी नाही. आणि शिक्षक नोकरी सोडून दुसऱ्या शाळेत जातो, तेव्हा प्रयोगशाळेतले उंदीर-कळफलक मोजून घेतले जातात, सही होते. पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि फोनमध्ये तसेच राहतात. अमानत तिच्या धन्याला परत करण्याची आज्ञा त्या यादीलाही लागू आहे, आणि तिचे धनी वर्गात बसलेले असतात.