गरजेपुरते बळ

नवदीक्षित कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्यास सांगते. मग गावगुंड काठी घेऊन अंगावर आला, तर मार खात उभे राहावयाचे काय? आपल्या बापजाद्यांनी तेच सोसले. धम्म स्वीकारूनही तेच सोसावयाचे असेल, तर धर्मांतराने काय साधले?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे ते सांगतात. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत ते भेद करतात. अपराध्याला शासन करू नये असा आपला उपदेश आहे काय, असे सिंह सेनापतीने तथागतांना विचारले. शासनास पात्र असेल त्याला शासन झालेच पाहिजे, असे तथागतांचे उत्तर होते. तेव्हा स्वसंरक्षण हा अधम्म नव्हे.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. बळ वापरावयाचे ते किती? अंगावर आलेली काठी अडविणे, हिसकावून घेणे, ही गरज झाली. काठी हातातून गेली, माणूस खाली पडला, तरी आपण मारीतच राहिलो, तर तो वार कशासाठी? संरक्षण तर झालेलेच असते. तेथून पुढचा प्रत्येक वार द्वेषाचा असतो. कायदाही हीच मर्यादा घालतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९९ मध्ये ती होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्येही ती आहे. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांच्या जमावाने परिषदेस आलेल्यांवर हल्ला केला. उलट वार करण्याची ताकद आपल्या लोकांत नव्हती असे नाही. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

अतिरेकी बळ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे गेली. या गोळीबाराची गरज होती काय, असा प्रश्न आपण सरकारला विचारला. गुंडेवार चौकशी आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला.

जो प्रश्न आपण बंदूकवाल्याला विचारला, तोच स्वतःच्या हातालाही विचारला पाहिजे. भांडणात विचारला पाहिजे, तसा घरातही विचारला पाहिजे. पोराने पाटी फोडली म्हणून त्याला वळ उठेपर्यंत मारणारा बाप आणि दिवसभराचा राग बायकोवर काढणारा नवरा कोणाचे संरक्षण करीत असतो? तेथे तर गरज मुळीच नसते. असते ती केवळ दुबळ्यावर हात टाकण्याची सवय. हीच सवय आपल्यावर शतकानुशतके चालविली गेली.

उपासक-उपासिकांनो, अन्यायापुढे मान तुकवू नका. आपले रक्षण अवश्य करा. परंतु गरज संपताच हात थांबला पाहिजे, हे आपल्या मुलांना विहारात आणि घरात, दोन्हीकडे शिकवा.