रेणूपासून चुलीपर्यंत

१९६०च्या दशकात वीरभद्रन रामनाथन हा तरुण इंजिनिअर सिकंदराबादेत रेफ्रिजरेटरच्या उद्योगात नोकरीला होता. यंत्रातला वायू इतक्या लवकर का गळतो, हे शोधायचे काम त्याच्याकडे होते. ही नोकरी फार काळ टिकली नाही. पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मग अमेरिका, आणि पीएच.डी. थेट ग्रहांच्या वातावरणावर.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी मांडले, की रेफ्रिजरेटरमधले सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करतात. रामनाथन यांना निराळाच प्रश्न पडला : हे वायू उष्णताही अडवत असतील का? १९७५च्या त्यांच्या शोधनिबंधातून निघालेले उत्तर थक्क करणारे होते. सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या १० हजारांहून अधिक रेणूंइतकी उष्णता अडवू शकतो. तोवर तापमानवाढ म्हटले की एकट्या कार्बन डायऑक्साइडचे नाव घेतले जाई. १९८० मध्ये हवामानशास्त्रज्ञ मॅडन यांच्यासह त्यांनी भाकीत केले, की २००० सालापर्यंत ही तापमानवाढ मोजमापात स्पष्ट दिसू लागेल. ते खरे ठरले.

भाकीत खरे ठरले म्हणून जग मात्र हलले नाही. सीएफसीवर बंधने आली ती १९८७च्या माँट्रिअल करारामुळे, आणि तो करार झाला होता ओझोनसाठी. तापमानवाढीला त्यातून बसलेला आळा हा जवळजवळ वरकड नफाच. हे वायू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय हाताशी येत होते, म्हणून ते जमले. कोळसा आणि तेल यांचे तसे नाही; त्यांच्यावर अख्खे अर्थकारण उभे आहे. माँट्रिअलचे उदाहरण देताना हा फरक बहुतेक जण सोयीस्करपणे गाळतात.

रामनाथन यांच्या विचाराला खरे वळण मिळाले ते हिंदी महासागरावर. १९९९ मध्ये मालदीवमध्ये तळ ठोकून, विमाने-जहाजे घेऊन, अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या हवेचा अभ्यास केला. दक्षिण आशियावरून आलेला प्रदूषणाचा तपकिरी ढग समुद्रावर शेकडो किलोमीटर पसरलेला आढळला. समुद्राच्या पृष्ठभागावर पोचणारे ऊन त्याने सुमारे १० टक्क्यांनी घटवले होते. त्यातली काजळी, जी चुलींच्या धुरातूनही येते, ऊन शोषून हवा तापवते, तर गंधकाचे कण ऊन परतवून गारवा आणतात. म्हणजे आपलेच प्रदूषण तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवत होते! भारतात या निष्कर्षांवर नाराजी उमटली. श्रीमंत देश आपला दोष गरिबांच्या चुलीवर ढकलत आहेत, हा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

रामनाथन मग त्या चुलीपर्यंतच गेले. ‘प्रोजेक्ट सूर्य’मध्ये उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सुधारित चुली देऊन धूर मोजला गेला. पुढे ओडिशात सुधारित चुलीवर संवेदक बसवून, वापराच्या प्रमाणात घरातल्या बाईच्या खात्यात पैसे जमा करण्याचा प्रयोग झाला. पण प्रयोगशाळेत उत्तम जळणारी चूल घरात मोडते, दुरुस्त करणारा मिळत नाही, मोठे पातेले तिच्यावर मावत नाही. हवामानाच्या कोणत्याही प्रारूपात ही अडचण नसते.

२००४ पासून ते व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य आहेत. २०१४ मध्ये तिथल्या परिषदेनंतर पोप फ्रान्सिस यांच्याशी चक्क वाहनतळावर बोलायची संधी मिळाली, तीही दोन वाक्यांपुरती. बहुतेक प्रदूषण श्रीमंत करतात आणि भोगतात गरीब, एवढेच त्यांनी सांगितले. आयुष्यभर आकडे मांडलेल्या माणसाने धर्मगुरूकडे जावे, हे कित्येकांना रुचणार नाही. मला त्यात पराभव दिसत नाही. किती तापेल हे विज्ञान सांगते. कोणी किती सोडायचे, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो विज्ञानाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

चुलीच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. काजळी एक-दोन आठवड्यांत हवेतून खाली बसते, कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतके राहतो. चूल सुधारली पाहिजे, ती आधी चुलीपुढच्या बाईच्या फुफ्फुसांसाठी. कार्बनचा हिशेब मोटारी, विमाने आणि एसी वापरणाऱ्या आपल्यासारख्यांकडेच मागावा लागेल.