पूर्ण पुरुष, सुंदर स्त्री

रेमंड कापडाची ‘द कम्प्लीट मॅन’ ही जाहिरात १९९०च्या दशकापासून आपल्या परिचयाची आहे. तिच्यातला पुरुष बाळाला कुशीत घेतो, घरच्यांत रमतो. सुटाबरोबर त्याचे मनही दिसते. नुसत्या मर्दपणाच्या बढाईपेक्षा हे केव्हाही चांगले.

पण स्त्रीची जाहिरात आली की ‘पूर्ण’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिच्यासाठी नाजूक, मोहक आणि अर्थात गोरी! १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नावातला ‘फेअर’ गाळला. बाईसाठी ‘लव्हली’ आणि पुरुषासाठी ‘हँडसम’ मात्र राहिले.

कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. हे शब्द त्यांनी आपल्याच ओटीवरून उचलले नाहीत का? स्थळ आले की आपण मुलाचे शिक्षण विचारतो, मुलीबद्दल ‘दिसायला कशी आहे?’ एका घरी आम्हीही तिच्या आईला हेच विचारले. मुलगी परिचारिका, नुकतीच रात्रपाळी करून आलेली. तिने ते ऐकले आणि काही न बोलता आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.